कपातीचा रकाना

दर महिन्याच्या सात तारखेला
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
मी माणसांचे बारा आणे कापतो.
शंभराला बारा आणे.
सक्तीचे. नको म्हणायची सोय नाही,
त्यांनाही आणि मलाही.

नरसय्या येमूल पगाराची चिठ्ठी
हातभर लांब धरून वाचतो.
"मेहताजी, एकोणीस वर्षं झाली,
ताप नाही आला मला.
आला तो रात्रपाळीत आला,
आणि तुमचा दवाखाना दिवसाचा."
त्यानं हिशेब केलाय, बायकोच्या विड्यांच्या कागदावर:
सव्वीस हजार चारशे.
"एक जुना माग आला असता, मेहताजी,
माझ्या नावाचा."

मी म्हणतो, भिशी समज.
तो म्हणतो, भिशीत नंबर तरी लागतो.
मग स्वतःच गप्प होतो.
कारण हा नंबर लागू नये म्हणून
त्याची बायको मार्कंडेयाला नारळ फोडते.
हप्ता भरायचा
आणि नंबर लागू नये म्हणून नवसही करायचा,
अशी ही भिशी.

शिलाईवरच्या अंबिका बोद्धूलचा नंबर लागला.
चोविसाव्या वर्षी, दोन्ही किडन्यांना.
तिचे कापलेले पैसे सगळे मिळून
एका चादरीच्या किमतीचे नसतील.
आता आठवड्यातून दोनदा
ती होटगी रोडला जाते,
चार तास मशीनला जोडून पडते,
आणि तिथं तिला कुणी बिल विचारत नाही.
(सुया मात्र कधी कधी बाहेरून आणाव्या लागतात.
आणि पहिल्यांदा कार्डावरचं नाव चुकलेलं होतं,
म्हणून अकरा दिवस गेले.
ते नाव मी चुकवलं होतं.)

नरसय्याला हे कळलं तेव्हा
तो मागाचा दांडा पुसत होता.
म्हणाला, "म्हणजे माझा माग
त्या पोरीच्या रक्तातनं चालतोय म्हणा की."
आनंदानं म्हणाला की रागानं,
मला अजून कळलेलं नाही.

मस्टरवर बावीस नावं.
टेबलाच्या खालच्या खणात एक लाल डायरी,
तिच्यात चौदा.
शंभरामागे मालकाला भरावे लागतात सव्वातीन,
आणि सव्वातीन म्हणजे काय, हे मालक मला
दर दिवाळीला नव्यानं समजावतात.
डायरीतल्यांचं काही कापत नाही.
पैसे पूर्ण हातात येतात म्हणून ते खूश असतात.
मस्तान नदाफही होता,
मागाच्या दातेरी चाकात त्याची दोन बोटं जाईपर्यंत.

मालकांनी गल्ल्यातून दोन हजार दिले.
माणुसकी म्हणून.
मी ते किरकोळ खर्चात लिहिले,
मशीनचं तेल आणि खराट्यांच्या मधल्या ओळीत.
पंधरा दिवसांनी मस्तान आला,
हात पाठीमागे धरून.
"मेहताजी, माझे पण कापा ना
ते बारा आणे."

मला गेल्या वर्षी तीनशेची वाढ मिळाली.
पेढे वाटले मी, सगळ्या खात्यांत.
त्या वाढीनं पगार मर्यादेच्या वर गेला,
एकशे चाळीस रुपयांनी,
आणि सहामाही संपली तसं माझं कार्डही संपलं.
आता घरी विम्याचा एजंट येतो,
चहा घेतो, आणि बायकोला विचारतो,
"वहिनी, आधीपासून काही आजार?"
ती साखरेचा डबा उचलून आत ठेवते.
त्यानं सांगितलेला आकडा
माझ्या दोन पगारांच्या पुढे आहे.
कपातीच्या रकान्यात
माझ्या नावासमोर आडवी रेघ.
ती मीच मारतो, पट्टी लावून.

आज सात तारीख.
वीज गेली, माग थांबले,
आणि इतक्या शांततेत मला
मस्टरचं पान उलटल्याचा आवाजही मोठा वाटला.
बावीसच्या खाली मी तेविसावं नाव लिहिलंय.
पेन्सिलनं.
मालक चारला येतात.
खोडरबर कुठल्या खणात आहे, ते मला माहीत आहे.

दारात नरसय्या उभा,
चिठ्ठी हातभर लांब.
"मेहताजी, या खेपेला किती?"